पहाटेचा प्राणवायू

तळ्यातले मासे बहुतेक वेळा पहाटे मरतात. ऊन दुपारी पडते, पाणी दुपारी तापते, म्हणून दोषही उन्हाच्या माथी मारला जातो. खरी अडचणीची वेळ मात्र रात्री तीनपासून दिवस उजाडेपर्यंतची. त्या वेळी रोहू आणि कटला पाण्याच्या वरच्या थरात गोळा होतात, तोंडे पाण्याबाहेर काढून उघडझाप करतात आणि काठावर माणूस येऊन उभा राहिला तरी खाली पळत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, बिचारे भुकेले आहेत. तो ढेप आणि कोंड्याची पाटी पाण्यात ओततो. न खाल्लेले खाद्य तळाशी जाऊन कुजते, कुजताना आणखी प्राणवायू खाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी पोटे वर करून मासे तरंगताना दिसतात.

हे रात्रीच का घडते, ते समजले की तळे दुरुस्त करण्याचे निम्मे काम समजले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दोन वाटांनी येतो: हवेतून, आणि पाण्यातल्या हिरव्या वनस्पतींकडून. हवेतून येणारा सावकाश येतो. वारा पडला, पाणी हलेनासे झाले की तो जवळजवळ थांबतोच. वनस्पती फक्त उजेडात प्राणवायू तयार करतात. अंधार पडला की त्याही आपल्यासारख्याच श्वास घेतात. पाणी गर्द हिरवे असेल, म्हणजे सूक्ष्म शेवाळाने भरलेले असेल, तर दुपारी त्यात गरजेपेक्षा जास्त प्राणवायू असतो आणि पहाटे जवळजवळ काहीच उरत नाही. रात्रभर तो कोण संपवते? मासे थोडाच संपवतात. मोठा वाटा शेवाळाचा आणि तळच्या गाळातल्या जिवाणूंचा असतो. माशांच्या वाट्याला उरलेसुरले येते.

त्यात पाणी जितके कोमट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात, 35 अंशाला सातच्याही आत. रोहू-कटल्याला 5 मिलिग्रॅमच्या वर असला की बरे. 3 च्या खाली गेला की त्यांचे खाणे सुटते, वाढ खुंटते, रोगाला ते लवकर बळी पडतात. म्हणजे उन्हाळ्यातले तळे सुरुवातीलाच थोड्या शिलकीवर चाललेले असते. तेवढ्यात रात्रीचा खर्च वाढला की दिवाळे निघते.

आता हे सगळे म्हसावदच्या शिवारात ठेवून पाहू. शहादा तालुक्यातले हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापीकडे उतरत जाणारी काळी, भारी जमीन. कापूस, केळी, पपई, ऊस अशी भरपूर खत आणि भरपूर पाणी मागणारी पिके या पट्ट्यात आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उघड्या पाण्याचा दिवसाला सेंटिमीटरभर थर हवेत उडून जातो. पाणी उडते, त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. फेब्रुवारीत जे पाणी बरे असते तेच मे महिन्यात आटून दाट झालेले असते. अशा ठिकाणी कोणाचे जुने मातीचे तळे असेल, नाल्यावरच्या बांधामागे साठलेले पाणी असेल किंवा सरकारी योजनेतले शेततळे असेल, आणि त्यात मासे सोडायचे मनात असेल, तर पाणी कुठून येते आणि सोबत काय आणते हा पहिला प्रश्न. मासे कोणते सोडायचे हा फार पुढचा.

राज्य सरकारने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले सर्वांत मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल होते. बाजूंचा उतार धरून त्यात 2196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो. पण डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीत सुमारे 10 किलो मूळ फॉस्फरस असतो. समजा, पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि त्या गोणीचा फक्त विसावा भाग मातीबरोबर वाहून तळ्यात आला. अर्धा किलो फॉस्फरस झाला. 22 लाख लिटरमध्ये तो मिसळला की दर लिटरला सव्वादोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतो. सरोवरांच्या अभ्यासात 35 मायक्रोग्रॅमपासून पुढचे पाणी अतिपोषित धरतात आणि 100 च्या पुढचे फारच बिघडलेले. अडीच किलो खत वाया गेले म्हणून शेतकरी हळहळतही नाही. तळ्याला मात्र तेवढ्याने पुरेसा धक्का बसतो. एक किलो फॉस्फरसावर 500 किलोपर्यंत ओले शेवाळ पोसले जाऊ शकते, असा हिशेब शास्त्रज्ञ सांगतात.

सगळा दोष फॉस्फरसाच्याच माथी का, असा प्रश्न पूर्वी शास्त्रज्ञांनाही पडला होता. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठीच राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांतले 226 क्रमांकाचे सरोवर 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावून दुभागले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या भागात त्याच दोन्हींबरोबर फॉस्फरस. काही आठवड्यांत फॉस्फरसवाला भाग गर्द हिरवा झाला आणि पडद्यापलीकडचा भाग जसाच्या तसा राहिला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर फिरले आणि अनेक देशांत कपडे धुण्याच्या पावडरींतून फॉस्फेट काढायला लावणाऱ्या कायद्यांना त्यातून बळ मिळाले. नायट्रोजन बिनमहत्त्वाचा आहे असा याचा अर्थ नव्हे. पण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच ओढून घेतात. फॉस्फरस त्यांना हवेतून मिळत नाही. तळ्याच्या मालकाच्या हातात धरता येईल असा लगाम तो हाच.

नायट्रोजनाचा त्रास वेगळ्या बाजूने होतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात अमोनिया येतो. पाण्याचा सामू 7 असेल तेव्हा 30 अंशाला त्यातला जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की साडेसात टक्के, 9 झाला की जवळजवळ निम्मा. आणि गर्द हिरव्या पाण्याचा सामू दुपारी 9 वर सहज जातो, कारण शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेते. म्हणजे हिरवे पाणी माशांना दुपारी अमोनियाने गाठते आणि पहाटे प्राणवायूच्या टंचाईने. मधल्या वेळेत मासे दिसायला ठणठणीत असतात. म्हणूनच त्यांचे मरण अचानक आल्यासारखे वाटते.

अशा वेळी लोक बाजारातली बाटली शोधतात, आणि इथे मला ठामपणे बोलायचे आहे. पाणी हिरवे झाले की त्यात मोरचूद टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मोरचुदाने शेवाळ मरते, हे खरे. पण मेलेले शेवाळ नाहीसे होत नाही. ते एकदम तळाशी बसते आणि एकदम कुजते. दोन-तीन दिवसांत तळ्यातला प्राणवायू इतका खाली येतो की जे मासे शेवाळाने मारले नसते ते औषधाने मरतात. फॉस्फरस जिथल्या तिथेच राहतो आणि पुढच्या महिन्यात नवे शेवाळ उभे करतो. तांबे गाळात साठत जाते ते वेगळेच. जिवाणूंच्या पुड्यांवरही पैसे घालू नयेत असे मी सांगेन. कुजवणाऱ्या जिवाणूंची वाण कोणत्याच तळ्यात नसते, वाण असते ती त्यांना लागणाऱ्या प्राणवायूची. तळ्यात शेण टाकण्याचा जुना सल्लाही याच पंगतीतला. ज्या काळी शेतात खतच नव्हते आणि तळी उपाशी होती, त्या काळी तो योग्य होता. पपईच्या बागेखालच्या तळ्याला शेणाची गरज उरलेली नाही.

मग करायचे काय? याचे सर्वांत चांगले उत्तर महाराष्ट्रात म्हसावदपासून खूप दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला मिळते: गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत.

तिथली जुनी तळी एके काळी खासगीच होती. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी जंगल तोडून धानाची शेती उभी केली आणि तिच्यासाठी तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. मातीची पाळ, पाणी सोडायला दगडी तुडुम, वरच्या तळ्याचे जादा पाणी खालच्या तळ्यात, अशी ती रचना. मध्य प्रांतातली मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली, 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ पडले. लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. मालक गेला तसा पाळीची डागडुजी करणारा, गाळ उपसायला लावणारा माणूसही गेला. सरकारी खात्याने तलाव पाहिला तो सिंचनाचे भांडे म्हणून. भांड्यात जितके पाणी जास्त मावेल तितके चांगले, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. त्यामुळे कुठे पाळ उंच केली गेली, कुठे तळ सरळ खोल खणला गेला, आणि काठचा उथळ, गवताळ पट्टा नाहीसा होत गेला.

त्याच सुमारास मासेमारीतही मोठा बदल झाला. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगूल इथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रमुख कार्प माशांचे कृत्रिम प्रजनन साधले. त्याआधी रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज वाहत्या नदीतूनच पकडावे लागे. आता ते तलावात सोडण्यासाठी हवे तितके तयार करता येऊ लागले. देशाच्या अन्नासाठी ही फार मोठी गोष्ट होती आणि आजही 10 जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण मामा तलावांत त्याची दुसरी बाजू दिसली. सहकारी संस्थांचे सगळे लक्ष या तीन जातींवर गेले. मरळ, वाम आणि लहानसहान स्थानिक माशांच्या कितीतरी जाती दुर्लक्षित राहिल्या. पाण्यातल्या वनस्पतींना ‘तण’ म्हणून उपटून टाकले गेले, कारण त्यात जाळे अडकते. मोकळ्या झालेल्या काठावर बेशरम फोफावली. तिची पाने जनावरेही खात नाहीत आणि तिच्या दाट झुडपांखाली काही उगवत नाही.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी या तलावांचा अभ्यास ढिवर समाजाबरोबर बसून केला. ढिवर पिढ्यान्‌पिढ्या या तलावांवर मासे धरत आले आहेत. कोणता मासा कोणत्या झाडाच्या आडोशाला अंडी घालतो, कोणत्या गवताच्या मुळाशी पिल्ले वाढतात, हे त्यांना नावानिशी माहीत होते. ती माहिती आणि वनस्पतिशास्त्र एकत्र आणून अर्जुनी मोरगाव परिसरातल्या तलावांवर काम सुरू झाले. त्या कामाचा क्रम नीट पाहावा असा आहे.

पहिल्यांदा बेशरम मुळासकट काढली. ती वरून छाटून चालत नाही. तुकडा ओल्या मातीत पडला तरी त्याला मुळे फुटतात, म्हणून काढलेली झुडपे पाण्यापासून दूर नेऊन वाळवावी लागतात. मग उन्हाळ्यात तलाव आटल्यावर उघडा पडलेला तळ नांगरला, म्हणजे घट्ट बसलेली माती मोकळी होते आणि तिला हवा लागते. पाऊस सुरू होऊन तळात पाणी साचू लागले की जवळच्या चांगल्या तलावांतून आणलेली झाडे लावली. पाण्याखाली राहणारे हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि सेराटोफिलम. पाने वर तरंगणारी कुमुदिनी. काठाच्या उथळ पाण्यात लव्हाळ्याच्या कुळातले एलिओकॅरिस. लावणीच्या या कामात ढिवर बायका पुढे होत्या. धानाच्या चिखलणीत रोप रोवण्याची सवय असलेल्या हातांना हे काम परके नव्हते. माशांचे दाणापाणी वाढवण्यासाठी खत किंवा खाद्य टाकण्याचा खटाटोप इथे नव्हता. झाडे रुजली, त्यांच्यावर कीटक आणि गोगलगायी आल्या, आडोसा मिळाला आणि स्थानिक मासे पुन्हा वाढू लागले.

झाडांनी पाणी कसे सुधारते, याचे शास्त्रीय कारण सरळ आहे. मोठ्या वनस्पती आणि सूक्ष्म शेवाळ एकाच फॉस्फरसासाठी आणि एकाच उजेडासाठी झगडतात. तळाला मुळे धरलेली झाडे असली की गाळ ढवळला जात नाही, आणि शेवाळ खाणाऱ्या बारीक पाणपिसवांना दिवसा लपायला जागा मिळते. पाणी नितळ राहते, म्हणून उजेड तळापर्यंत जातो, म्हणून झाडे आणखी वाढतात. उलट झाडे काढली की शेवाळ वाढते, पाणी गढूळ-हिरवे होते, उजेड तळाला पोचत नाही आणि झाडे पुन्हा उगवत नाहीत. उथळ तळे या दोनांपैकी एका स्थितीत ठाण मांडून बसते. हॉलंडमधले शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी 1990 च्या दशकात हे गणिताने मांडले. एका स्थितीतून दुसरीत न्यायला नुसता थोडा धक्का पुरत नाही, जोर लावावा लागतो. गोंदियात उन्हाळ्यात नांगरणी आणि पावसाळ्यात लावणी करून तो जोर लावला गेला.

खोल सरोवराची गोष्ट वेगळी असते. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये शहराचे सांडपाणी पडत होते. 1963 ते 1968 या काळात ते बाहेर वळवले आणि सरोवर जवळजवळ आपोआप निवळले. स्वीडनमधल्या उथळ ट्रुमेन सरोवरात सांडपाणी 1950 च्या दशकाअखेर बंद झाले, तरी दहा वर्षे पाणी हिरवेच राहिले. फॉस्फरस गाळात मुरलेला होता. तळाशी प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाशी बांधला गेलेला फॉस्फरस सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो. अखेर 1970 आणि 1971 मध्ये तिथला वरचा सुमारे मीटरभर गाळ उपसून काढला, तेव्हा कुठे सरोवर सुधारले. आपली सगळी शेततळी आणि गावतळी उथळ आहेत. म्हणजे आपल्याला येणारी घाण थांबवावी लागेल आणि साठलेली काढावीही लागेल.

म्हसावदच्या तळ्याकडे परत येऊ. क्रम तोच: आधी घाणीची वाट अडवणे, मग गाळ, मग झाडे आणि सर्वांत शेवटी मासे. आपल्याकडे बहुतेकांचा प्रवास नेमका उलटा होतो. आधी बोटुकली आणून सोडतात, मग पाणी बिघडते, मग औषध.

काळ्या जमिनीतला फॉस्फरस पाण्यात विरघळून येण्यापेक्षा मातीच्या बारीक कणांना चिकटून जास्त येतो. त्यामुळे माती अडवली की तोही अडतो. तळ्यात पाणी शिरते त्या तोंडाशी एक रुंद, उथळ खड्डा घ्यावा, म्हणजे पहिल्या लोंढ्याचा गाळ तिथेच बसतो आणि दर दिवाळीत उपसून शेतात टाकता येतो. तोंडापासून वर जितका लांब गवताचा पट्टा ठेवता येईल तितका ठेवावा. मारवेल, हरळी, वाळा, जे टिकेल ते. या पट्ट्यात नांगर घालायचा नाही आणि खत टाकायचे नाही. म्हशींना पाण्यात मोकळे सोडू नये. त्यांच्यासाठी हौद वेगळा असावा.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. कापसावरच्या फवारणीत वापरली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसाला तुलनेने कमी आणि माशांना अत्यंत विषारी असतात; लिटरला काही मायक्रोग्रॅमही त्यांना पुरेसे होतात. फवारणीचा पंप तळ्यात भरणे किंवा तळ्याच्या काठी धुणे याने एका दुपारी सगळे मासे जाऊ शकतात. पंप भरायला बादली वापरावी आणि धुणे तळ्यापासून दूर, पाणी तळ्याकडे उतरणार नाही अशा जागी करावे.

यातले बरेचसे मालकाच्या हातात असते, पण सगळे नसते. तळे सातबाऱ्यावर एकाच्या नावाने असते. त्यात उतरणारे पाणी चार-पाच जणांच्या शेतांतून येते. वरच्या बांधावरच्या शेतकऱ्याने पेरणीबरोबर डीएपी मातीआड केले की उघड्यावर फेकले, यावर खालच्या तळ्याचे पाणी ठरते. मामा तलावांच्या कामात निम्मी शक्ती गावाशी बोलण्यात गेली ती यासाठीच. म्हसावदमधल्या मालकालाही शेजाऱ्याशी बोलावे लागेल, आणि त्याला देण्यासारखे काहीतरी हातात असावे लागेल. तळ्याचा उपसलेला गाळ हे चांगले देणे आहे. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 पासून याच हिशेबावर चालते: धरणाची अडचण ती हलक्या जमिनीची दौलत.

गाळ मे महिन्यात काढावा, तळ पूर्ण उघडा पडल्यावर. वरचा काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर काढायचा आणि थांबायचे. जेसीबीवाला आणखी खोल जायला उत्सुक असतो, कारण त्याचे पैसे तासावर असतात. पण काळ्या मातीचा घट्ट थर फुटून मुरूम लागला की तळे झिरपू लागते आणि ते बंद करणे फार कठीण असते. उरलेला तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळू द्यावा. हवा लागली की कुजलेला अंश जळून जातो. एका कोपऱ्यात डोह ठेवावा, कडक उन्हाळ्यातही दीड मीटर पाणी राहील इतका. चुना सरसकट टाकू नये. चुन्याची गरज आम्ल आणि मऊ पाण्याला असते. आपल्या बेसाल्टच्या पट्ट्यातले पाणी बहुधा आधीच पुरेसे क्षारयुक्त असते. नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राकडून माती आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि मगच ठरवावे.

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात यातले काही लागू पडत नाही. तिथे माती नाही, म्हणून मुळे धरता येत नाहीत. पाणी सिंचनासाठी उपसले की पातळी पाहता पाहता खाली येते. अशा तळ्यात मासे फारच कमी ठेवावेत आणि उपशाच्या वेळी तळाचे गढूळ पाणी आधी शेताला द्यावे. ते पिकाला खतासारखे लागते आणि तळे हलके होते.

मातीच्या तळ्यात जून-जुलैत पाणी भरताना झाडे लावावीत. ती जवळच्या, वर्षभर पाणी असलेल्या चांगल्या तळ्यातून आणावीत आणि प्रत्येक जुडी आणताना हाताने तपासावी. जलपर्णीचा एक तुकडा चुकून आला तर पुढची पाच वर्षे तिला काढण्यात जातात. सुरुवातीला गवत्या आणि सायप्रिनस हे मासे सोडू नयेत. गवत्या कोवळी झाडे खाऊन टाकतो. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि मुळे उपटतो. दोघेही बाजारात विकले जातात, म्हणून बीज देणारे त्यांची शिफारस करतात. झाडे रुजेपर्यंत त्या शिफारशीला नकार द्यावा.

मासे सोडताना हेक्टरी पाच-सहा हजार बोटुकल्यांचा अंदाज पुरेसा असतो. 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला पाचशेच्या आसपास. बोटभर लांबीची, 75 ते 100 मिलिमीटरची घ्यावी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. मृगळ थोडा कमी ठेवला तर गाळ कमी उकरला जातो. खाद्य द्यायचेच असेल तर ते तासाभरात संपेल इतकेच, आणि ढगाळ, वारा पडलेल्या दिवशी अजिबात नाही. ढगाळ दिवशी शेवाळ प्राणवायू कमी तयार करते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो.

पाण्यावर नजर ठेवायला महाग यंत्र लागत नाही. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. तेच साधन आजही वापरतात: 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांनी रंगवलेली तबकडी, खाली वजन आणि दोरीवर दर पाच सेंटिमीटरला गाठ. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाचीही करता येते. दुपारी, पाठीशी ऊन ठेवून ती सावकाश खाली सोडावी. 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर कार्प माशांच्या तळ्याला ठीक आहे. 20 च्या आत दिसेनाशी झाली आणि पाणी हिरवे असेल, तर खाद्य बंद आणि पहाटे चारला बॅटरी घेऊन काठावर जायची तयारी. झाडे रुजलेल्या तळ्यात ती याहून खोलवर दिसते, काही वेळा तळापर्यंत, आणि त्याने घाबरण्याचे कारण नसते. आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहून ठेवला तर बिघाड आठ-दहा दिवस आधी कळतो.

आणि पहाटे मासे वर आलेच, तर पंप चालू करून तळ्याचेच पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखे पसरून पुन्हा तळ्यात पाडावे. बोअरचे पाणी घालायचे झाले तरी ते असेच हवेतून पाडून घालावे, कारण खोल जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. सूर्य वर येऊन तासभर झाला आणि मासे खाली गेले की पंप बंद करावा. त्या दिवशी खाद्य द्यायचे नाही, औषध टाकायचे नाही, आणि संध्याकाळी पुन्हा पंपाची तयारी ठेवायची.

पहिल्या वर्षी तळे फारसे बदललेले दिसत नाही. झाडे विरळ असतात, वरच्या शेतातले खत अजून पुरते थांबलेले नसते आणि गाळात उरलेला फॉस्फरस एक-दोन पावसाळे सुटत राहतो. म्हणून पहिल्या वर्षीचा उन्हाळा मासे कमी ठेवूनच काढावा. ऑगस्टमध्ये सोडलेली बोटुकली फेब्रुवारी-मार्चपर्यंत विकण्याजोगी होते. होळीच्या आसपास पाणी तापू लागण्याआधी ओढजाळे टाकून मोठे मासे काढावेत आणि विकावेत. डोहात जेवढे पाणी उन्हाळाभर राहील त्याच्या मानाने थोडे मासे ठेवावेत. मार्चमध्ये काढलेल्या प्रत्येक किलो माशामागे एप्रिल-मेच्या रात्रींचा प्राणवायू बाकीच्यांसाठी शिल्लक राहतो.